आरोग्य सप्ताहाचा निमंत्रक

रक्ताच्या रिपोर्टात एचबीएवनसी ६.१ आलं, तेव्हा घरात निदान पाच मिनिटं तरी शांतता पसरेल अशी माझी अपेक्षा होती. हिनं कागद लांब धरून वाचला, "येणारच होतं," म्हणाली आणि भेंडी चिरायला घेतली.

डॉक्टरांनीही निराशाच केली. "५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा," ते म्हणाले. "आत शिरायचं की मागं फिरायचं ते तुम्ही ठरवा. रोज पाऊण तास चाला. रात्रीचं जेवण आठच्या आत. फरसाण बंद. तीन महिन्यांनी पुन्हा बघू." मी बसून राहिलो. "आणि गोळी?" "सध्या नाही." "निदान एखादं टॉनिक?" त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

मला हा सरळ सरळ अपमान वाटला. चाला, हा काय वैद्यकीय सल्ला झाला? ठाण्यात तो रिक्षावालेही देतात, आणि फी न घेता: "स्टेशन? चालत जा ना काका, इथंच तर आहे." अख्खी हयात बँकेत घासलेल्या माणसाच्या वाट्याला उपचार यावा, तर त्याला काही सरंजाम हवा. पात्रं हवीत, पट्ट्या हव्यात, अमुक वाजता अनशापोटी असं काहीतरी हवं. मुख्य म्हणजे चार लोकांत सांगता आलं पाहिजे. "मी हल्ली चालतो" म्हटल्यावर कोणी खुर्ची पुढं ओढत नाही. "मी हल्ली पोटावर माती बांधतो" असं म्हणून बघा.

नेमकी त्याच सुमारास आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीची सभा झाली. २०१५ साली पहिला योग दिन झाला तेव्हापासून दर २१ जूनला आम्ही गच्चीवर सतरंज्या घालतो आणि पावसाची चिन्हं दिसली की गुंडाळतो. "यंदा नुसता योग दिन नको," सेक्रेटरी म्हणाले, "आरोग्य जागृती सप्ताहच करू." निमंत्रक कोण, असं विचारताच सगळे नेहमीप्रमाणे पंख्याकडे बघू लागले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आवाज आला, "यांना वेळ असतो." आवाज ओळखीचा होता.

निमंत्रक झाल्याबरोबर मी ठरवलं, की स्वतः अनुभव घेतल्याशिवाय लोकांना काही सांगायचं नाही. चालण्याचा अनुभव घ्यायची गरज नव्हती. ते सगळ्यांना माहीतच असतं.

सुरुवात रसापासून झाली. बागेच्या फाटकाशी सकाळी एकजण स्टीलचे डबे मांडून बसतो: कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर. फाटकाच्या आत लोक फेऱ्या मारत असतात. मी फाटकापर्यंतच जात असे. दुधीच्या रसाचा पहिला घोट कडू लागला आणि मला फार बरं वाटलं. कडू म्हणजे गुणकारी, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई भेटल्या. त्या निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. समोरचा माणूस अजून जिवंत आहे याबद्दल त्यांचा चेहरा नेहमी किंचित साशंक असतो. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"कडू? आणि प्यायलात?" त्या म्हणाल्या. "२०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन गेले. त्यावर आयसीएमआरनं समिती नेमली. कुकरबिटासिन नावाचं विष असतं त्यात. कडू लागला की थुंकायचा, आणि उलट्या सुरू झाल्या की तडक हॉस्पिटल." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमची आजी फोडणीला टाकण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघायची की नाही?"

बघायची. काकडीचाही बघायची. पण आजीच्या हातात कधी स्टीलचा डबा नि 'डिटॉक्स'ची पाटी नसल्यानं मी ते शास्त्र मानलं नव्हतं. तो दिवस मी प्रत्येक ढेकर निरखण्यात काढला.

मग आहार. २०१८-१९च्या सुमारास मराठी घरांत उभी फूट पडली होती, ते आठवत असेल. डॉ. श्रीकांत जिचकारांची मांडणी पुढं नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, की दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवा आणि ५५ मिनिटांच्या आत उठा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, की थोडं थोडं, वेळच्या वेळी, आपल्या मातीतलं खा, आणि भाताला नि तुपाला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीत दोन माणसं एकमेकांना आधी "दीक्षित की दिवेकर?" विचारत आणि मग शेजारी बसायचं की नाही ते ठरवत. ते वादळ बाहेर शमलं तरी आमच्या घरात अजून घोंघावतं. ही दिवेकरांकडून, म्हणून मी दीक्षितांकडून. तत्त्वाचा प्रश्न एवढाच होता.

५५ मिनिटं ही मर्यादा आहे, असं डॉक्टर दीक्षितांचं म्हणणं. मी तो कोटा समजलो. मोबाइलवर गजर लावून बसायचो आणि सुटलेला पैसा परत जाऊ नये म्हणून मार्चअखेरीला सरकारी खातं जसं खर्च करतं, तसा शेवटच्या दहा मिनिटांत जेवायचो. चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी संपवल्याची नोंद आहे. बरं, हिच्या बाजूनं दर दोन तासांनी केळं, मूठभर शेंगदाणे, नाचणीचा लाडू असं काही ना काही टेबलावर येतच असे. ते डोळ्यांदेखत वाया कसं घालवायचं? अशा रीतीनं दोन्ही योजनांचा लाभ घेणारा मी बहुधा जिल्ह्यातला एकमेव लाभार्थी ठरलो. दीक्षितांच्या भाषणात रोज पाऊण तास चालण्याचाही भाग येतो. तो आला की मी पाणी प्यायला उठत असे.

होमिओपॅथीची वाट थोडक्यात आटपली. मूळ द्रव्याचा एक भाग घेऊन तो शंभरपट पातळ करायचा, आणि हे असं एकामागोमाग तीसदा, म्हणजे ३० पोटेन्सी. आणि जितकं विरळ तितकं जालीम, असं त्या शास्त्राचं म्हणणं. "त्या बाटलीत मूळ द्रव्याचा एखादा रेणूसुद्धा उरत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला तर तत्त्व पटलं. हिला म्हटलं, याच न्यायानं कुरमुऱ्यांत एकच शेव टाकली तर चालेल ना? ती म्हणाली, चालेल, पण डबा मी हलवीन.

हास्यक्लबानं मात्र मर्मावर घाव घातला. मी अधूनमधून दिवाळी अंकांत विनोदी लिहितो. डॉ. मदन कटारियांनी १९९५च्या मार्चमध्ये मुंबईत लोखंडवालाच्या बागेत चार-पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब काढला, तेव्हा सुरुवातीला तिथं विनोद सांगत. थोड्याच दिवसांत विनोद संपले, उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. मग त्यांनी विनोदच काढून टाकले आणि नुसतं हसणं ठेवलं. चळवळ जगभर पसरली. आमच्या तलावपाळीवर पहाटे पन्नासेक माणसं हात वर करून "हो हो, हा हा हा" करताना मी पाहिली. एकालाही विनोदाची गरज भासत नव्हती. निवृत्तीनंतरचा माझा उरलासुरला धंदा तिथं डोळ्यांदेखत बसला. मी एकदा घरी लिहिलेला किस्सा नेऊन वाचून दाखवला. सगळे शांतपणे ऐकत राहिले. मग प्रमुख म्हणाले, "चला, आता सिंहहास्य."

आता निसर्गोपचार. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, हे शाळेत पाठ केलेलं होतं. मी गेलो ते केंद्र वेगळं, घाटावरचं, नाव कशाला घ्या. तिथं मला पहाटे लिंबू-मध-पाणी, दुपारी उकडलेला दुधी (चाखून घेतला), पोटावर गार मातीची पट्टी आणि कटिस्नान असा कार्यक्रम मिळाला. कटिस्नान हे जर्मनीतल्या लाइपझिगच्या लुई कुहने यांचं देणं. टबात गार पाणी, त्यात बेंबीपर्यंत बसायचं, पाय बाहेर, आणि ओल्या फडक्यानं ओटीपोट चोळायचं. बसताना काही विशेष वाटत नाही. उठताना कळतं, की कुहनेसाहेबांच्या डोळ्यांपुढचा माणूस अंगानं सडपातळ असावा. मी जोर केला तसा टब माझ्याबरोबर उठला. "थांबा काका, एकटे नका उठू," म्हणत मदतनीस पोरगा धावला. त्यानं टब धरला, दुसऱ्यानं काखेत हात घालून मला ओढलं, आणि फडका कुठं गेला ते शोधण्यात तिसरा गुंतला.

रात्री नऊला दिवे बंद. मग अंधारात खरा कार्यक्रम सुरू व्हायचा. कोपऱ्यातल्या खाटेवरचे कोल्हापूरचे गृहस्थ तांबड्या रश्श्याची कृती सांगायला लागत. "कांदा घाई करून काढायचा नाही. लाल होऊ द्यायचा. मग सुकं खोबरं..." "तीळ?" पलीकडून क्षीण आवाज. "तीळ, खसखस. आणि तेल सुटेपर्यंत हलवायचं हं." कोणीतरी कण्हलं. सोलापूरकरांनी शेंगाचटणी कुटायला घेतली, नागपूरकरांनी सावजीचा विषय काढताच दोघांनी हात जोडून त्यांना थांबवलं. एकदा दारात केंद्राचे वैद्य उभे असलेले दिसले. फेरीवर आले असावेत. रस्सा पूर्ण उकळेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग खाकरून म्हणाले, "आता झोपा," आणि सावकाश निघून गेले.

तिथं वजन उतरलं, हे कबूल करतो. परतल्यावर भेटायला येणारा प्रत्येकजण "किती वाळलात हो!" म्हणत डबा घेऊन आला, आणि त्या सदिच्छांनी ते पूर्ववत झालं. डॉक्टरबाईंना मी मातीचे गुण ऐकवले. त्या म्हणाल्या, "गार वाटतं ना? मग बांधा की. मातीवर गांधीजींइतकी श्रद्धा कोणाची असणार? पण १९२४च्या जानेवारीत अपेंडिक्स दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी पुण्याला ससूनमध्ये कर्नल मॅडॉककडून ऑपरेशन करून घेतलं. मध्येच वीज गेली, तर कंदिलाच्या उजेडात. माती कुठपर्यंत आणि कर्नल कुठपासून, एवढं कळलं की झालं."

अखेर सप्ताह उजाडला. उद्घाटक आमच्या सोसायटीचे संस्थापक सभासद अण्णा, वय ९१, कुठल्याही उपचाराचं नाव न काढता रोज बाजारात पायी जाणारे. उद्घाटनाआधी जलनेतीचं प्रात्यक्षिक होतं आणि ते निमंत्रकानंच करावं असं ठरलं. पाणी उकळून कोमट केलेलं हवं, यावर डॉक्टरबाई ठाम होत्या. नळाचं कच्चं पाणी नाकात घालणं जिवावर बेतू शकतं. मिठाचंही माप असतं: लिटरला नऊ ग्रॅम, म्हणजे रक्ताशी मिळतं. मी आमटीत टाकतात तसं अंदाजानं टाकलं. नेतीपात्राची तोटी उजव्या नाकपुडीत घातली, मान तिरकी केली, तोंडानं श्वास. अंदाज कमी पडला होता. कपाळाच्या आतून कोणीतरी काडी ओढल्यासारखं झालं. प्रेक्षकांकडे बघून मी हसलो, डोळ्यांतून पाणी, डाव्या नाकपुडीतून पाणी. टाळ्या पडल्या.

यानंतर वाकून, भस्त्रिका करून नाक पूर्ण कोरडं करायचं असतं. पण अण्णा आले होते, निवेदिकेनं नाव पुकारलं होतं. मी घाईनं जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. खाली वाकल्याबरोबर सायनसमध्ये दडून बसलेलं पाणी बांध फुटावा तसं निघालं ते थेट अण्णांच्या दोन्ही पावलांवर. माझ्या पाठीवर हात ठेवून अण्णा गहिवरले. "अरे, इतकं रडू नये. मी बरा आहे अजून." मग त्यांनी पाय थोडा मागं घेतला आणि विचारलं, "हे कोमट कसं?"

पुढचे दिवस उपस्थिती बेताची. पहिल्या दिवशी अल्पोपाहाराला मोडाचे मूग ठेवले होते. ते घरोघरी जाऊन वाटावे लागले. दुसऱ्या दिवशी खजिनदारांनी सुचवलं, "लोकांनी यायचं तर बटाटेवडा हवा." आला, आणि सभागृह भरलं. 'मधुमेह मुळापासून बरा' असा फलक घेऊन एक तेलवाला स्टॉल मांडायला आला, त्याला डॉक्टरबाईंनी १९५४चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा असा काही ऐकवला, की तो जाताना मलाच एक बाटली भेट देऊन गेला.

समारोपाला आमचे डॉक्टर. विषय होता 'निरोगी जीवनाची गुरुकिल्ली'. ते उभे राहिले, म्हणाले, "रोज पाऊण तास चाला, वेळेवर झोपा, बेतानं खा, तंबाखू सोडा, बीपी आणि साखर तपासत राहा," आणि बसले. खाली वडे अजून तळायला टाकायचे होते. सभागृहात चुळबुळ झाली. शेवटी मागून एका काकांनी धीर करून विचारलं, "ते झालं हो डॉक्टर. पण उपाय काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सवयीनं मीही डोलावली.

मागच्या रविवारी जमाखर्च मांडला गेला. सतरंज्या, माइक, फलक, नेतीपात्रं, आणि या सगळ्यांच्या बेरजेच्या दुप्पट 'वडे, चटणीसह'. खजिनदार पेचात पडले. वडे दाखवायचे कुठल्या सदरात? डॉक्टरबाईंनी सुचवलं, "वैद्यकीय खर्च." सभेनं तो एकमतानं मंजूर केला. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक मी.