माणशी दोनच

मर्यादित बिअर म्हणजे छोट्या कारखान्याने वर्षातून एकदा किंवा आठवड्याला मोजकीच काढलेली, आणि शक्यतो स्वतःच्या दारातच विकलेली बिअर. ती मिळवायला माणसे दोन-दोन राज्ये ओलांडून गाडी हाकतात, उजाडायच्या आत बंद दारासमोर घडीच्या खुर्च्या मांडतात आणि दार उघडले की काचेला चिकटवलेला कागद वाचतात: माणशी दोनच. अमेरिकेत या उद्योगाला शिकार म्हणतात, आणि हाती लागायला सर्वांत अवघड बाटलीला देवमासा. खऱ्या शिकारीत जनावरही पळते. इथे बिअर शीतकपाटात स्वस्थ बसलेली असते आणि पळापळ सगळी एकाच बाजूची असते.

ज्या बिअरसाठी ही पळापळ होते ती बहुधा हॉप्सच्या वासावर उभी असते. हॉप्स ही एका वेलीची फुले. त्यांचा संत्र्याच्या सालीसारखा किंवा पाइनच्या डिंकासारखा वास काही आठवड्यांत उतरू लागतो. म्हणून डब्यावर भरल्याची तारीख छापतात, आणि मुरलेला शिकारी डबा हातात आला की आधी उलटा करून बूड वाचतो. दुसरी जात काळ्या स्टाउटची. ती बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरते, तिथे घाई करून चालत नाही. त्यात १९३३ साली दारूबंदी उठल्यावर अमेरिकेने बनवणारा, घाऊक वितरक आणि किरकोळ दुकानदार या तिघांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची पद्धत लावली. पुढे बऱ्याच राज्यांनी छोट्या कारखान्यांना दारात विकायची मुभा दिली. दारात विकले की मधल्या दोघांचा वाटा वाचतो, माल ताजा जातो आणि वाहतूक गिऱ्हाईक स्वतःच्या पेट्रोलने करते. असा धंदा हाताशी असताना टाक्या वाढवायची घाई कोणाला असणार?

या शिकारीचे मूळपीठ व्हरमाँट. डोंगर, गाई, चीज आणि मेपलचा पाक यांवर चालणारे हे अमेरिकेच्या ईशान्येकडचे लहानसे राज्य. तिथल्या वॉटरबरी गावात जॉन आणि जेन किमिक या दांपत्याने २००३ साली ‘द अल्केमिस्ट’ नावाचा पब काढला. ‘हेडी टॉपर’ ही त्यांची आठ टक्क्यांची गढूळ, कडू, सुवासिक बिअर. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाचा पूर आला आणि पब बुडाला. गावातच दुसरीकडे डबे भरायचा नवा कारखाना मात्र तयार होता. पुरानंतर थोड्याच दिवसांत तिथून हेडी टॉपरचे पहिले डबे बाहेर पडले आणि गावात दुसरा पूर आला, तो गाड्यांचा.

डब्यावर सूचना छापलेली आहे: डब्यातूनच प्या. बिअर गाळलेली नसते आणि तिचा वास टिकावा, असे त्यामागचे कारण सांगतात. ज्या माणसाच्या घरी बिअरच्या प्रत्येक जातीसाठी वेगळा काचेचा पेला असतो, त्याच्यावर हा मोठाच प्रसंग. चारशे किलोमीटर गाडी चालवून आणलेली वस्तू रस्त्यावरच्या सोड्यासारखी तोंडाला लावायची की कारखान्याची आज्ञा मोडायची, यावर जाणकारांचे दोन तट आहेत. दोन्ही तटांना डबा मात्र हवाच असतो.

गिऱ्हाइकांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला, मग रस्त्यात आणि शेवटी शेजाऱ्यांच्या अंगणाशी उभ्या राहू लागल्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये कारखान्याने आपले विक्रीचे दुकान बंद केले. जगातल्या बहुतेक दुकानांना गिऱ्हाईक नाही म्हणून टाळे लागते. याला फार झाले म्हणून लागले.

दार बंद झाले आणि प्रवासाला खरा रंग चढला. आता हेडी टॉपर आसपासच्या वाणसामानाच्या दुकानांत, पेट्रोलपंपांवर आणि खेड्यातल्या जनरल स्टोअरमध्ये मिळू लागली. कारखान्याची गाडी कोणत्या वारी कोणत्या दुकानात माल टाकते, याचे वेळापत्रक शिकाऱ्यांना तोंडपाठ झाले. व्हरमाँटने १९६८ सालीच रस्त्याकडेचे जाहिरातफलक कायद्याने बंद केले आहेत, त्यामुळे वाट दाखवायला कोणी नाही. डावीकडे डोंगर, उजवीकडे गाई आणि मध्ये १०० क्रमांकाच्या रस्त्यावर मालमोटारीच्या मागे ठरावीक अंतर राखून चाललेल्या परराज्यांतल्या पाट्यांच्या गाड्या, असा तो देखावा.

त्या दिवसांत दुकानात शिरण्याचीही एक रीत होती. थेट बिअर मागणे हे नवशिक्याचे लक्षण. मुरलेला माणूस आधी मेपलचा पाक पाहतो, चीजची चौकशी करतो, मासे पकडायच्या गळाची किंमत विचारतो आणि मग आत्ताच आठवल्यासारखे काउंटरवरच्या बाईंना विचारतो, “हेडी असेल का हो?” बाईंनी सकाळपासून पाकाची चौकशी करणारी अशी बरीच माणसे पाहिलेली असतात. त्या मान वर न करता सांगतात, “मंगळवारी.” कधी नशीब उघडते आणि काउंटरखालून चार डब्यांचा एक जुडगा वर येतो. माणशी एक. मर्यादा त्या दुकानापुरती असते, जिल्ह्यापुरती नसते. म्हणून शिकारी वॉटरबरीहून स्टोला, स्टोहून मॉरिसव्हिलला, तिथून राजधानी माँटपेलिअरला जातो आणि प्रत्येक ठिकाणी, डबे मिळोत न मिळोत, पाकाची एक बाटली घेतो. परतीला गाडीत बिअरपेक्षा पाक जास्त भरतो. दुकानदारांचा या मर्यादेला कधीच विरोध का झाला नाही, हे यावरून लक्षात येते.

२०१६ साली अल्केमिस्टने स्टो येथे मोठा कारखाना आणि प्रशस्त वाहनतळ असलेले विक्रीकेंद्र उघडले. मिळणे सोपे झाले, आणि तेव्हापासून जुने शिकारी हेडी टॉपरची चव पूर्वीची राहिली नाही असे सांगतात. ते आता उत्तरेकडे ग्रीन्सबरोला जातात. तिथे शॉन हिल यांनी घराण्याच्या शेतावर ‘हिल फार्मस्टेड’ काढले आहे. डांबरी रस्ता संपतो, फोनचा सिग्नल जातो आणि धुळीच्या रस्त्याच्या टोकाला एकदम शंभर गाड्या दिसतात. हिल आपल्या बिअरला पूर्वजांची नावे देतात. एडवर्ड हे आजोबा, ॲबनर हे पणजोबा. घराण्याचा एवढा प्रेमाने उद्धार क्वचितच होत असेल. इथेही काही बाटल्यांवर माणशी मर्यादा असते, म्हणजे पणजोबा दोनच मिळतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या चार्ल्टनच्या ‘ट्री हाउस’चा कारभार आटोपशीर आहे. बिअर फक्त आपल्याच केंद्रांवर विकायची, दुकानांना द्यायची नाही. तिथली रांग एवढी शिस्तीची की तीत वर्णन करण्याजोगे काही घडत नाही.

कॅलिफोर्नियातली शिकार हंगामी आहे. सांता रोझाच्या ‘रशियन रिव्हर’ कारखान्याची ‘प्लिनी द एल्डर’ ही बिअर बारा महिने मिळते. हॉप्सचा फार जुना उल्लेख ज्याच्या नावावर घातला जातो त्या रोमन पंडिताचे हे नाव. हे थोरले प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गेले आणि त्याची हकिकत भाच्याने, म्हणजे बहिणीच्या मुलाने, पत्रांत लिहून ठेवली. मामाच्या नावाने बिअर झाली, तेव्हा २००५ पासून भाच्याच्या नावानेही निघू लागली. तीच ‘प्लिनी द यंगर’, सव्वादहा टक्क्यांची. इंग्रजीत भाचा आणि पुतण्या या दोघांना एकच शब्द आहे. काका-पुतण्याच्या नात्यात मराठी वाचकाला जास्त रस असला तरी इथे सत्य मामाच्या बाजूने आहे. थोरले सदा हजर आणि धाकटे वर्षातून दोनच आठवडे, हे ठरल्यावर गर्दी कोणाकडे जाणार ते उघड आहे.

२०१० साली भाचा पहिल्याच दिवशी संपला. त्यानंतर शिस्त आली. वर्षानुवर्षे फेब्रुवारीचा पहिला शुक्रवार हा मुहूर्त होता. सांता रोझात तेव्हा पावसाळा असतो, त्यामुळे माणसे रात्रभर पदपथावर छत्र्या धरून उभी राहत. सकाळी दार उघडले की मनगटावर पट्टी बांधतात. माणशी तीन पेले, प्रत्येकी दहा औंस, म्हणजे तीनशे मिलिलिटरच्या आतबाहेर, आणि बसायलाही घड्याळ लावलेले. बारा तास उभे राहून तासा-दोन तासांत उठायचे, असा हा हिशेब. पण रांगेतली माणसे आनंदी असतात, कारण त्यांना शेजारी मिळतात. पहाटे तीनला पावसात भिजणारा दुसरा माणूस आपल्याइतकाच वेडा आहे याची खात्री पटणे हे मोठे समाधान. २०२० मध्ये प्रथमच भाचा बाटलीत भरला गेला आणि बाटल्या माणशी दोन ठरल्या. २०२२ पासून मुहूर्त मार्चअखेरीस गेला, आणि छत्र्यांचा खप कमी झाला.

या सगळ्यांचा आद्य मठ बेल्जियममध्ये आहे, आणि तो खरोखरचाच मठ आहे. फ्रान्सच्या सीमेजवळ वेस्टव्लेटरेन येथे सेंट सिक्स्टसचे ट्रॅपिस्ट साधू १८३८–३९ पासून बिअर बनवतात. पोपरिंगे या हॉप्सच्या गावी रेल्वे संपते. पुढे सपाट शेतांतून सायकल मारत गेले की विटांची भिंत लागते. जगाने तोंडाला पाणी सुटून यावे असे तिथे काहीच दिसत नाही. २००५ साली एका जागतिक क्रमवारीत या मठाची ‘१२’ नंबरची बिअर पहिली आली आणि फाटकासमोर गाड्यांची रांग लागली. जगातल्या कोणत्याही कारखानदाराने अशा वेळी दुसरी पाळी सुरू केली असती. साधूंनी उत्पादन वाढवले नाही. जगायला लागते तेवढीच बिअर करायची, बाकीचा वेळ प्रार्थनेचा, ही त्यांची भूमिका.

मग वाटप सुरू झाले. मठात फोन करायचा, तो लागेपर्यंत करत राहायचा, गाडीचा क्रमांक नोंदवायचा आणि दिलेल्या वेळी फाटकावर हजर व्हायचे. एका गाडीला दोन क्रेट, म्हणजे ४८ बाटल्या, आणि तीच गाडी पुन्हा साठ दिवसांनी. गाडीची पाटी हेच रेशनकार्ड. फोन दिवसेंदिवस लागत नसे, आणि ही तक्रार मौनाचे महत्त्व जाणणाऱ्या साधूंकडे करण्यात अर्थ नव्हता. २०१९ पासून नोंदणी संकेतस्थळावर होते. बाटली तिसऱ्याला विकणार नाही असे गिऱ्हाइकाकडून वदवून घेतात. तरी २०१८ मध्ये एका डच सुपरमार्केट साखळीने हीच बिअर मठाच्या जवळपास पाचपट भावाने मांडली आणि साधूंना प्रार्थनेतून वेळ काढून नाराजी कळवावी लागली. स्वतः साधूंनीही एकदा नियम सैल केला. मठाची इमारत दुरुस्तीला आली तेव्हा १२ डिसेंबर २०१२ रोजी सहा बाटल्या आणि दोन पेल्यांचे खोके अमेरिकेत विक्रीला गेले. ते तासाभरात संपले, असे अनेक दुकानांत घडले.

मर्यादा म्हटली की पळवाट आली. ‘माणशी’ या शब्दात माणूस पिणारा असावा असे कुठे म्हटलेले नाही. त्यामुळे रांगेत काही माणसे केवळ आकडा वाढवायला उभी असतात. शिकारी त्यांना प्रेमाने खेचर म्हणतात. एकवीस वर्षे पूर्ण आणि ओळखपत्र जवळ, एवढी पात्रता पुरते. न्यू जर्सीत किंवा बॉस्टनकडे मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले मराठी आईवडील या कामाला फार सोयीचे. वडील पासपोर्ट घेऊन उभे राहतात, पुढच्या माणसाला रांग कशाची म्हणून विचारतात आणि उत्तर कळल्यावरही जागा सोडत नाहीत, कारण एकदा लागलेली रांग सोडणे त्यांच्या पिढीला जमत नाही. आईंची त्या दिवशी एकादशी असली तरी बिघडत नाही. हातात धरायचे, प्यायचे नाही.

मर्यादेचा हेतू सर्वांना थोडे थोडे मिळावे हा असतो. परिणाम निराळा होतो. ज्याला एकच बाटली पुरली असती तो ‘माणशी दोन’ वाचून दोन घेतो, आणि नुसता पाकासाठी दुकानात आलेला माणूसही चार डबे उचलून बाहेर पडतो. याउलट पुण्यात ‘डूलॅली’ने २००९ साली मायक्रोब्रुअरी सुरू केली, आणि शहरात आता ताज्या बिअरची अनेक ठिकाणे आहेत. ती मागावी तेवढी मिळते, म्हणून तिच्यासाठी कोणी नागपूरहून रात्रभर गाडी चालवत येत नाही.

शिकार घेऊन भारतात यायचे तर शेवटची मर्यादा विमानतळावर आहे. सीमाशुल्काच्या नियमाने प्रवाशाला २ लिटर मद्य करमुक्त आणता येते. हेडी टॉपरचा डबा ४७३ मिलिलिटरचा, म्हणजे चार डबे १८९२ मिलिलिटर. मठाची बाटली ३३० ची, म्हणजे सहा बाटल्या १९८०. डबे कपड्यांत गुंडाळून तपासणीच्या सामानात टाकावेत, हातातल्या पिशवीत ते सुरक्षातपासणीलाच काढून घेतात. महाराष्ट्रात उतरल्यावर ते पिण्यासाठी १९४९ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो एका दिवसाचाही मिळतो आणि आजन्मही.