पाच तारे आणि दीड मीटर तार

हाय-फाय मासिकांतली परीक्षणं वाचताना लांज्यातल्या माणसाला एकच शंका येते. या परीक्षकाला आजवर वाईट यंत्र एकही भेटलं कसं नाही? गेल्या महिन्याच्या ॲम्प्लिफायरने संगीतावरचा पडदा दूर सारला होता. या महिन्याच्याने आणखी एक सारला. मग गेल्या वर्षी या गृहस्थांना ऐकू तरी काय येत होतं, हे विचारायचं नसतं.

रीत ठरलेली आहे. खर्ज ‘घट्ट’, मधला पट्टा ‘मखमली’, दोन सुरांमधली शांतता ‘काळीभोर’. दोष दाखवायचाच तर रिमोट जरा हलका वाटतो. समोरच्या पानावर त्याच कंपनीची पानभर जाहिरात, अर्थात योगायोगाने. आणि वाचणारा बहुधा यंत्र आधीच घेऊन बसलेला. त्याला सल्ला नको, बायकोला दाखवायला छापील पुरावा हवा.

खरी प्रतिभा फुलते वायरींच्या परीक्षणात. भिंतीतल्या सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची दीड मीटर केबल बदलली की म्हणे गायिकेचा श्वास ऐकू येतो! आमच्याकडे वीज येते ती डोंगर ओलांडून, फणसाच्या फांद्यांना घासत, खांबाखांबावरचे जोड सोसत. ते सगळे किलोमीटर निर्दोष. पाप तेवढं शेवटच्या दीड मीटरचं.

या परीक्षणांचा जन्म मात्र सचोटीतून झाला होता. अमेरिकेतल्या ‘हाय फिडेलिटी’ मासिकात जाहिरातदारांची मर्जी सांभाळणं जे. गॉर्डन होल्ट यांना पटेना, म्हणून त्यांनी 1962 मध्ये ‘स्टीरिओफाइल’ काढलं. याच होल्ट यांनी 2007 मध्ये आपल्याच मासिकाला मुलाखत देताना सांगून टाकलं, की 1980 च्या दशकात हाय-फायवाल्या मंडळींनी डोळे झाकून ऐकण्याची परीक्षा नाकारली आणि तिथेच पत गमावली. या परीक्षणाला मात्र कुणी पाच तारे दिले नाहीत.

परीक्षा साधी आहे. यंत्रं झाकायची, किंमत सांगायची नाही, दोन्हींचा आवाज मोजून सारखा ठेवायचा, कारण जरा मोठा वाजणारा नेहमीच गोड वाटतो. मग विचारायचं, यातलं लाखाचं कोणतं? पण ही परीक्षा घ्यायची, तर पुढच्या अंकात छापायचं काय?

या परीक्षकांनी एकदा आमच्याकडच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला यावं. साऊंडवाल्याचं ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ आटोपतं, पहिलं पद सुरू होतं आणि पुढच्या रांगेतले आजोबा निकाल देतात, ‘‘बुवा काय बोलतो ता कळत नाय. बॉक्स नुसते धडधडतायत.’’ संपलं परीक्षण! ना मखमल, ना काळीभोर शांतता. आणि साऊंडवाला मुकाट्याने बटणं फिरवायला लागतो.

मासिकांनी या आजोबांना नेमायला हरकत नाही. मानधन चहा-बिडीपुरतं. फक्त जाहिरात विभागाने त्याआधी दुसरी नोकरी बघून ठेवावी.