कंपनीचा धोंड्याचा महिना

आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो. मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात दरवर्षी. महिना 28 दिवसांचा धरला की वर्षात 13 रिचार्ज बसतात, आणि तेराव्याचं वाण घ्यायला जावई ठरलेला. 2022 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने बजावलं, निदान एक तरी प्लॅन 30 दिवसांचा ठेवा. कंपन्या आज्ञाधारक, तेवढंच केलं. बाकी प्लॅनांचा फेब्रुवारी काही संपेना. जुलै 2024 मध्ये दर वाढले, जिओचा रोज दीड जीबीवाला प्लॅन 239 वरून 299 रुपयांवर गेला. आता कळंबच्या आसपासच्या वाडीतली, बटणांचा फोन वापरणारी आजी हा दीड जीबी कुठे वाळत घालणार? डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने तिची कड घेतली: नुसत्या बोलण्याचेही प्लॅन द्या. दिले की! जिओ-एअरटेलचे आले ते 84 दिवसांचे नि वर्षाचे, चारशेच्या वर, एकरकमी. मजुरी आठवड्याची, बोलणं तिमाहीचं. पूर्वी मिस्ड कॉलवर भागायचं; आता तो द्यायलाही चालू प्लॅन लागतो. न बोलण्याचे पैसे घेणं वकिलांनाही अजून जमलेलं नाही.