माझाच पत्ता कट

ऑपरेटिंग सिस्टिमच्या तोंडी परीक्षेत पेज टेबल विचारतील, अशी भाच्याला धास्ती होती. वास्तविक "नीट वाचून जा" एवढं म्हटलं की मामाची जबाबदारी संपते. मी म्हणालो, "पाठांतर कसलं करतोस? आपण छोटंसं कर्नलच लिहू." कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये पीएफचा रकाना डावीकडून उजवीकडे सरकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत. पण 'कॉम्प्युटर लाइनमध्ये आहे' असं चारचौघांत सांगायची सवय जडली की माणूस कशातही उडी घेतो. शिवाय १९९१ साली लिनक्सला हात घातला तेव्हा लिनस टोरवाल्ड्स एकवीस वर्षांचा विद्यार्थीच होता. त्याच्याकडे होता त्या ३८६च्या घराण्यातला प्रोसेसर आज क्यूएमू नावाच्या प्रोग्राममध्ये फुकट मिळतो. वय आणि अक्कल सोडली तर आमची तयारी सारखीच होती.

कागदावर सगळं सोपं असतं. प्रोग्राम जो पत्ता सांगतो तो खोटा. खरा पत्ता प्रोसेसर टेबलात बघून काढतो. पत्ता ३२ बिटांचा. वरचे दहा बिट डिरेक्टरीतली नोंद दाखवतात, पुढचे दहा टेबलातली, आणि उरलेले बारा ४०९६ बाइटांच्या पानातली नेमकी जागा. १०२४ गुणिले १०२४ गुणिले ४०९६, झाले चार जीबी! हे मी भाच्याला इतक्या झोकात समजावलं, की तिथेच थांबलो असतो तर माझी अब्रू आजही शाबूत असती.

कर्नलची वस्ती तीन जीबीच्या वर हलवायची, असा या धंद्यातला जुना रिवाज. मी टेबलं भरली, डिरेक्टरीचा पत्ता सीआर-३ रजिस्टरात ठेवला आणि सीआर-० मधला ३१वा बिट चालू केला. खिडकी लुकलुकली. मशीन पुन्हा सुरू झालं. पुन्हा लुकलुकलं, पुन्हा सुरू. भाचा म्हणाला, "मामा, हे लूपमध्ये गेलंय का?" मी म्हणालो, "बूट होतंय." ते खरंच होतं, फक्त थांबत नव्हतं.

झालं होतं असं. बिट चालू करणारी ओळ स्वतः खालीच, एक एमबीच्या आसपास बसलेली होती. वरच्या नव्या वस्तीची नोंद मी कसोशीने केली, पण खालच्या त्या जागेची नोंद टेबलात ठेवलीच नाही. बिट चालू झाला आणि पुढची ओळ कुठे आहे हेच प्रोसेसरला कळेना. त्याने रीतसर तक्रार केली, अपवाद क्रमांक १४, म्हणजे पेज फॉल्ट. ती तक्रार ऐकणाऱ्या हँडलरचा पत्ताही त्याच खालच्या भागात. मग डबल फॉल्ट, क्रमांक ८. त्याचा हँडलर तिथेच. तिसऱ्यांदा प्रोसेसर तक्रार करत नाही, सरळ रीसेट होतो. सगळ्यांची सोय लावणाऱ्या कारभाऱ्याने यादीतून स्वतःचंच नाव गाळलं होतं. असली धडधडीत चूक मी पगारपत्रकातही कधी केली नव्हती.

उपाय माहीतगार लोकांना पाठ असतो. पहिले चार एमबी दोनदा मांडायचे, एकदा आहेत तिथे आणि एकदा वर. मग वर उडी मारून खालची नोंद पुसायची. पुसली. स्क्रीनवर छापणारं माझं फंक्शन अजून जुन्याच पत्त्यावर लिहीत होतं, तरी अक्षरं उमटत होती! मी भाच्याकडे असं पाहिलं, की तोही घटकाभर फसला. मग मधूनच ते फंक्शन मरायला लागलं. नोंद टेबलातून गेली तरी टीएलबीत, म्हणजे प्रोसेसरच्या चटकन आठवायच्या वहीत, ती शिल्लक राहते. फ्लॅट विकून वर्ष झालं तरी वॉचमन जुन्याच मालकाला सलाम ठोकतो, तसं. प्रोसेसरला इनव्हीएलपीजी ही आज्ञा देऊन मुद्दाम विसरायला लावावं लागतं.

शेवटी पानं वाटणाऱ्या भागाची चाचणी. एकेक मोकळं पान मागायचं आणि त्यात १ ते २५५, मग शून्य, पुन्हा १ असे आकडे भरत जायचं. कुठली मेमरी मोकळी आहे याचा नकाशा बूटलोडर आयता देतो. तो वाचायचा मला कंटाळा आला. एवढा कसला नकाशा, पहिल्या एक एमबीतलं सगळं मोकळंच असणार! प्रत्यक्षात ६४० केबीच्या वरचा भाग राखीव असतो, आणि हेक्समध्ये बी८००० या पत्त्यावर तर खुद्द स्क्रीन राहते: ऐंशी रकाने, पंचवीस ओळी, प्रत्येक घराला दोन बाइट. पहिल्यात अक्षर, दुसऱ्यात रंग. चाचणी फिरत फिरत त्या पानावर आली आणि पडदा रंगीबेरंगी चिन्हांनी भरून गेला. १ म्हणजे हसरा चेहरा, २ म्हणजे हिरवा. ३ म्हणजे बदाम, ४ म्हणजे लाल. ५ म्हणजे किलवर, ६ म्हणजे तपकिरी. डाव्या कोपऱ्यातून तो हिरवा चेहरा माझ्याकडे बघून हसत होता.

तेवढ्यात ताई डोकावली. "अगं बाई, बदाम सात केलंय का? मला टाक ना मोबाइलवर."

मग मुकाट्याने नकाशा वाचला आणि राखीव पानं बाजूला काढली. तोंडी परीक्षेत भाच्याला डेडलॉक विचारला, तो भाग आम्ही उघडलाही नव्हता. माझं कर्नल मात्र आता अगदी बरोबर चालतं: काळा पडदा आणि त्यावर 'ओके' एवढी दोन अक्षरं. ताईला बोलावून दाखवलं. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "बदाम कुठे गेले? आधीचं बरं होतं की."