उपग्रह म्हणतो आज, लाईट म्हणते रात्री

बारामतीच्या उसाची ख्याती आता कारखान्याच्या गव्हाणीपाशी थांबत नाही. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी इथल्या ऊसशेतीचा दाखला जगाला दिला आणि त्यावर खुद्द इलॉन मस्क यांनी चार शब्द टाकले. गावच्या पारावर मात्र पहिला प्रश्न आला तो असा, की या दोघांपैकी कुणी कधी पाचट काढलंय का?

प्रयोग खरा आणि नावाजण्यासारखा आहे. बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून तो उभा केला. उसात एका खांबावर छोटं हवामान केंद्र, मातीत ओलावा मोजणारे सेन्सर आणि वरून उपग्रहाची नजर. ही सगळी माहिती पचवून संगणक शेतकऱ्याच्या मोबाईलवर सांगतो की आज पाणी द्या, इतकंच द्या. आजवर ‘वाफा भरला की पुढं’ हाच ज्यांचा हिशेब होता, त्यांना हे ‘इतकंच’ जरा अपमानास्पद वाटतं.

पण खरी गंमत पुढे आहे. मेसेज येतो सकाळी आणि थ्री-फेज लाईट असते रात्रीची. विहीर नसेल तर कालव्याचं आवर्तन बघायचं. इंदापूरकडचा भाग म्हणजे नीरा डाव्या कालव्याचं टेल. वरच्यांची तहान भागल्यावर उरेल ते आपलं. हा कालवा इंग्रजांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा. एकविसाव्या शतकातल्या सेन्सरला त्याच्याच वेळापत्रकाने चालावं लागतं. उसाला तहान कधी लागली हे आता मिनिटागणिक कळतं. पाणी पूर्वीसारखंच पाळी आली की येतं.

संगणक उसाच्या वाटेनेच खेड्यात आला, हे मात्र महाराष्ट्राचं वैशिष्ट्य. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक उभा राहिला, पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक केला; पण त्यांच्याकडे ना बियाणं होतं ना बिल, त्यामुळे खेड्याला त्यांच्याशी काय देणंघेणं? १९९८ च्या सुमारास वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात सत्तर गावांना संगणकाने जोडायची योजना आली. बाजारभाव, शेतीसल्ला, साऱ्या जगाचं ज्ञान दारात, असा बेत होता. शेतकरी केंद्रावर यायचा आणि विचारायचा, “माझा ऊस किती टन भरला?” पुढे संशोधकांनीच काही गावांत संगणक बाजूला ठेवून हीच माहिती मोबाईलच्या मेसेजवर दिली. काम भागलं. संगणकाचा नेमका उपयोग काय हे संशोधकांच्या आधी शेतकऱ्याला कळलं होतं, असंच म्हणायला हवं.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानने संगणक बसमध्ये घालून खेड्यातल्या शाळांच्या दारात नेले. मग एमएस-सीआयटी आली. मुलीच्या बायोडाटात ‘स्वयंपाकाची आवड’ याच्या खाली ‘एमएस-सीआयटी उत्तीर्ण’ ही ओळ आली आणि स्थळं पाहायला येणारेही ती वाचून मान डोलवू लागले. पुढे त्या मुलीला संगणक मिळाला की नाही, हे कुणी विचारलं नाही.

सातबारा ऑनलाइन झाला. आता डिजिटल सहीचाही मिळतो. हेलपाटे कमी झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी तलाठ्याकडे गेलं की ‘भाऊसाहेब मीटिंगला गेलेत’ असं उत्तर मिळायचं, आता ‘सर्व्हर डाऊन आहे’. भाऊसाहेब निदान संध्याकाळी चहाच्या टपरीवर सापडायचे.

आणि २०२१ पासून ई-पीक पाहणी. शेतकऱ्याने स्वतः आपल्या गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर नोंदवायचा. ऊस पुरुष-दीड पुरुष वाढलेला, पानांनी हात चिरताहेत, चष्म्यावर घाम. फोटो निघतो, पण रेंजसाठी बांधावर यावं लागतं. बांधावर आलं की ॲप म्हणतं, तुम्ही गटापासून लांब आहात. मदतीला पुतण्या हिंजवडीहून फोनवर.

“काका, आधी लोकेशन ऑन करा.”

“अरे बाबा, मी लोकेशनवरच उभा आहे!”