तात्पुरती लिंक

ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल एकत्र कुटुंबातल्या आजोबांच्या वळणाचा. एरिया झिरो ही त्यांची बैठकीची खोली. एका एरियाचा निरोप दुसऱ्याकडे जाणार तो तिथूनच, परस्पर बोलणी नाहीत. १९९८च्या आरएफसी २३२८मध्ये हे सगळं रीतसर लिहिलेलं आहे.

पण कंपन्या विकल्या-घेतल्या जातात तेव्हा आजोबांना कोण विचारतो? आमच्या कंपनीने एक छोटी कंपनी घेतली आणि तिचा एरिया २ आमच्या एरिया १च्या पाठीला येऊन चिकटला. एरिया झिरोपर्यंत लाइन टाकायचा खर्च पाहून साहेब म्हणाले, "व्हर्च्युअल लिंक करून टाक. तात्पुरतं."

काम तसं प्रत्येक टोकाला एका ओळीचं. 'एरिया १ व्हर्च्युअल-लिंक २.२.२.२'. यातला एरिया मधला, ज्याच्यातून वाट काढायची तो, आणि २.२.२.२ हा राउटर आयडी, इंटरफेसचा आयपी नव्हे. पलीकडच्या पोराने अर्थातच इंटरफेसचा आयपी टाकला होता. "सर, पिंग तर होतंय!" आमच्या धंद्यात पिंग झालं की माणूस डबा उघडतो.

आयडी बदलला. शो कमांडची पहिलीच ओळ म्हणाली, लिंक 'अप'. फोनवर जल्लोष! रूट मात्र एकही येईना. त्या 'अप'चा अर्थ एवढाच की समोरच्या राउटरपर्यंत वाट आहे. सूत जुळलं का, हे कळायला खाली 'फुल' दिसावं लागतं. ते नव्हतं, कारण एरिया झिरोला ऑथेंटिकेशन होतं. व्हर्च्युअल लिंक कुठूनही जावो, ती एरिया झिरोचीच. पलीकडेही तीच की हवी. पण ज्याच्याकडे एरिया झिरोच नाही, त्याला हे सुचावं कसं?

आणखी एक चावटपणा म्हणजे सिस्कोच्या राउटरवर एकदा जुळलं की दोघे एकमेकांना हॅलो म्हणणंच सोडतात. मग एका बाजूची की बदलली तरी लगेच बोंब होत नाही. बोंब होते राउटर रीस्टार्ट झाल्यावर, म्हणजे पहाटे.

तेव्हा साहेब 'तात्पुरतं' म्हणाले की राउटर आयडी हाताने टाकून पक्का करा, नाहीतर कोणी मोठ्या आयपीचा लूपबॅक घातला की रीस्टार्टनंतर आयडीच बदलतो. की दोन्हीकडे लिहून ठेवा. आणि खऱ्या लाइनचं कोटेशन त्याच मेलमध्ये मागवा. लिंक चालू झाल्यावर ते कोणीही मंजूर करत नाही.