बायकोला मोबाईल देताना: नवशिक्या नवऱ्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका पुरोगामी नवऱ्यांसाठी आहे. म्हणजे घरातल्या बाईच्या हातात तंत्रज्ञान यावं असं ज्यांना मनापासून वाटतं आणि ते आल्यावर घरात काहीएक बदलू नये असंही तितकंच मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी. दोन्ही एकदम जमतं. थोडा सराव लागतो, इतकंच.

आधी हँडसेट. नवा तुम्ही घ्या, जुना तिला द्या. स्क्रीनला तडा असेल तर चालेल, चार्जरची पिन एका विशिष्ट कोनात धरून ठेवावी लागत असेल तर फारच छान. मेमरी तुमच्या ग्रुपांवरच्या सुप्रभातांनी भरलेली असावी. असला फोन द्यायला लाजू नका. याला सरकारी पायंडा आहे. राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना माहिती भरण्यासाठी फोन मिळाले होते. ते तापायचे, अडकायचे, आणि ज्यात माहिती भरायची ते पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. २०२१ मध्ये सेविकांनी ते फोन चक्क परत केले. तुमच्या बायकोला परत करायला कुठलं कार्यालय नाही, ही तुमची जमेची बाजू.

आता सिमकार्ड. हा भाग सावकाश वाचा, सगळी मेख इथे आहे. खातं तिच्याच नावावर असू द्या. पासबुकही तिच्या कपाटात, पैठणीच्या घडीत राहू द्या. खात्याला जोडलेला नंबर मात्र तुमचा ठेवा. मग लाडकी बहीण योजनेचे दीड हजार जमा झाले की टिंग तुमच्या खिशात वाजते. २०२४ पासून कितीतरी बहिणींना हप्ता आल्याची बातमी दाजींकडूनच कळते. चहाचा घोट घेत, मान वर न करता, ‘आले बरं का तुझे’ एवढंच म्हणायचं. कार्ड घेऊन एटीएमवरही तुम्हीच जा. उन्हात तिला कशाला त्रास? पुढे योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा तिच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला गेला. ज्यांना नवरा नाही आणि वडीलही नाहीत, अशा बायका तिथेच अडकल्या. त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय काढावी लागली. तुमच्या घरात तसा प्रश्न नाही. ओटीपी द्यायला तुम्ही आहात. फक्त लगेच देऊ नका. ‘गाडी चालवतोय, नंतर बघू’ म्हणा.

बायको धंदा करत असेल तर काम आणखी सोपं. भाजीच्या गाड्यावर मेथीच्या जुड्यांना टेकवून ठेवलेला क्यूआर कोड पाहिलाय ना? पाणी मारताना भिजू नये म्हणून वर दुधाची धुतलेली पिशवी चढवलेली असते. गिऱ्हाईक स्कॅन करतं, डबीतून आवाज येतो, ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’. बाई मान डोलावते, वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते. प्राप्त कोणाला झाले हे डबी सांगत नाही. खातं मुलाचं असतं नाहीतर नवऱ्याचं. रात्री तीच बाई विचारते, ‘पहाटे मार्केट यार्डात जायचंय, माल उचलायला दोन हजार देतोस का रे?’

पूर्वी हेच पैसे तिच्या कमरेच्या पिशवीत असायचे. त्यातले वीस-पन्नास रोज बाजूला पडायचे. त्यातून भिशी भरली जायची, माहेरच्या लग्नाचा आहेर निघायचा, लेकीची सहलीची फी जायची, आणि घरात कोणाला पत्ता लागायचा नाही. ही गळती कुठल्याही सासऱ्याला जन्मात बंद करता आली नव्हती. एका स्टिकरने केली.

मुलीचं प्रकरण लहान आहे. घरात फोन एक आणि अभ्यास दोघांचा असेल तर तो दादाला द्या, त्याचं दहावीचं वर्ष आहे. दोन वर्षांनी ती दहावीत गेली की दादाची बारावी येते.

मधेच एखादा शिकलेला पाहुणा म्हणेल की तंत्रज्ञान आलं की समता आपोआप येते. त्याला सोनोग्राफीची आठवण करून द्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राला करावा लागला, तो यंत्र बिघडलं होतं म्हणून नव्हे. शिवाय तुम्ही एकटे आहात असंही समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांकडे होता. इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, बायका ३३.

आता धोके. पहिला धोका म्हसवड. तिथल्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. बायका अक्षरं गिरवून परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवतो, तुमच्या साहेबांनाही करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. असल्या गोष्टी घरात कोणी सांगत असेल तर टीव्हीचा आवाज वाढवा.

दुसरा धोका याहून जवळ, बचत गटाच्या बैठकीत असतो. तिथे सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती असलेल्या ताई येतात. ओट्यावर सतरंजी टाकून एकेकीला पिन टाकायला शिकवतात. एक टाकत असताना बाकीच्यांनी तोंड फिरवून बसायचं, असा नियम. पिन कोणाला सांगायचा नाही, असं त्या दहादा बजावतात.

‘नवऱ्यालाही नाही?’

‘नवऱ्यालाही नाही.’

एवढं झालं की बिघाड सुरू होतो. ती स्वतःच्या नावावर सिम घेते. बँकेत नंबर बदलायचा अर्ज भरते. तिच्या एकटीच्या खात्याला त्यावर नवऱ्याची सही लागत नाही. पुढच्या हप्त्याला तुमचा खिसा गप्प राहतो. तुम्ही फोन बंद करून चालू करता, रेंज बघता, कंपनीला शिव्या देता.

उपाय एकच आहे. पैसे आले का, हे तिलाच विचारायचं. मालिका चालू नसताना, पोळ्या लाटून झाल्यावर. ‘बघते’ असं उत्तर आलं तर तेवढ्यावर भागवायचं आणि पेट्रोलचे पैसे दुसरीकडून बघायचे.